राजेसाहेबांचा मुक्काम

आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीत एक राजेसाहेब राहत असत. 'राहत असत' हे मी लिहितेय. त्यांच्यासमोर कोणी असं म्हटलं असतं तर त्यांनी चष्मा काढला असता, पुसला असता, परत लावला असता आणि मग सांगितलं असतं, "आम्ही इथे राहत नाही. आमचा इथे मुक्काम आहे." या मुक्कामाला अर्धशतक होत आलं होतं. इमारतींचे रंग लागून उडाले, माझ्या लग्नाचा मांडव त्यांच्याच खिडकीखाली पडला, माझा मुलगा शिकून डोंबिवलीला घर घेऊन मोकळा झाला, तरी राजेसाहेब आपले मुक्कामालाच.

मी त्या सोसायटीची सेक्रेटरी. हे पद मला कोणी दिलं नाही. एका सभेला मी उशिरा पोचले, तोवर बाकीच्यांनी नकार देऊन झाले होते, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. त्यामुळे राजेसाहेबांशी माझं रोजचं भांडण ठरलेलं. सभेची नोटीस पाठवली की ती परत येई, कारण नावाआधी 'श्रीमंत' नसे. सभेला ते येत, पण घरून स्वतःची वेताची खुर्ची आणून जिन्याजवळ वेगळे बसत. हात वर करा म्हटलं की करत नसत. "आम्ही पाहुणे. यजमानांच्या कारभारात पाहुण्यानं बोलू नये," असं म्हणत. पाणी मात्र यजमानांइतकंच वापरत, हे मी त्यांना तोंडावर सुनावलं आहे. ते हसून म्हणाले होते, "सेक्रेटरीबाई, पाहुण्यांच्या पाण्याचा हिशेब काढणारं संस्थान आम्ही पहिल्यांदाच पाहतो आहोत."

त्यांचं संस्थान घाटमाथ्यावरचं. शाळेच्या नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढं. माझे वडील म्हणायचे, यांच्याकडे हत्ती एकच होता आणि तो वळला की शेपूट शेजारच्या राज्यात जायची. राजेसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. "खोटं आहे. आमच्याकडे हत्ती नव्हताच," एवढंच म्हणाले. सरकारनं संस्थानिकांचे तनखे बंद केले, पदव्या काढून घेतल्या, तेव्हा त्यांचे वडील गादीवर होते आणि हे कॉलेजात. म्हणजे राजा व्हायच्या आधीच हे माजी झाले. पुढे पोटापाण्यासाठी ठाण्याला निघाले तेव्हा वडिलांनी एवढंच सांगितलं: पदवी गेली, गाव सुटलं, कुठेही मुक्काम कर, पण दसऱ्याचं सीमोल्लंघन चुकवू नकोस. सीमा ओलांडतो तोवर तू आहेस.

वडिलांच्या या बोलण्यातले दोन शब्द त्यांनी आयुष्यभर धरून ठेवले. एक सीमोल्लंघन, दुसरा मुक्काम. पहिल्यानं आमची करमणूक झाली. दुसऱ्याचा जाच त्यांच्या बायकोला झाला.

काकू म्हणजे नुसतं हसू. राजघराण्यातली सून म्हणून आल्या आणि नळाच्या रांगेत उभ्या राहिल्या, पण तोंड कधी वाकडं केलं नाही. त्यांची तक्रार एकच होती. राजेसाहेबांनी घरात एक खिळा ठोकू दिला नव्हता. मुक्कामाला आलेला माणूस भिंतीला भोकं पाडत नाही, हा त्यांचा कायदा. त्यामुळे कॅलेंडर कधी पिठाच्या डब्याला टेकवलेलं, कधी फ्रिजवर आडवं पडलेलं. देव फळीवर, सासऱ्यांचा फोटो ट्रंकेवर, आरसा खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला. दारावर नावाची पाटी नाही. पोस्टमन बदलला की नवा पोस्टमन सगळ्या मजल्यांवर फिरायचा. काकू मला म्हणायच्या, "अगं, मला राज्य नको, राणीपद नको. मला एक खिळा हवाय. चतुर्थी कधी आहे ते बघायला मी रोज डब्यामागे वाकते."

घरात तलवार नव्हती. ती कधीच सरकारजमा झाली होती. म्यान तेवढं राहिलं होतं, लांबलचक, वरचं मखमल झिजलेलं. आमच्या चाळवजा इमारतीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या गॅलरीत छताजवळ उंच. त्यावर कपडे टाकायला प्रत्येक घरात एक काठी असते. काकूंची काठी म्हणजे ते म्यान. राजेसाहेबांचा लेंगा पिढीजात म्यानाच्या टोकावर बसून दोरीवर चढायचा, हे मी लहानपणापासून पाहत आले. खंडेनवमीला मात्र ते पुसलं जाई, त्याला झेंडूची माळ पडे आणि पूजा होई. दसरा झाला की पुन्हा ओले कपडे.

नोकरी त्यांनी खोपटच्या बस डेपोत केली. कंट्रोलरच्या खिडकीत बसायचं आणि भोंग्यावरून गाड्या पुकारायच्या. आता इतर माणसं कशी पुकारतात? अमुक गाडी, तमुक फलाट, संपलं. राजेसाहेब घसा साफ करत आणि सुरू करत, "नाशिकची स्वारी फलाटावर दाखल होत आहे. मार्ग मोकळा ठेवावा." पहिल्यांदा ऐकणारे प्रवासी बाकावरून उठून उभेच राहायचे. अलिबागची स्वारी, कल्याणची स्वारी, मुरबाडची स्वारी. ड्रायव्हर लोकही मग गाडी जरा ऐटीत वळवून लावायचे. एकदा वरचे साहेब आले, त्यांनी हे ऐकलं आणि दम भरला की ही काय नाटक कंपनी आहे का, सरळ बोला. राजेसाहेबांनी हुकूम पाळला. दुसऱ्या दिवशी सरळ बोलले. संध्याकाळपर्यंत प्रवासी खिडकीशी येऊन विचारायला लागले, आज साहेब आजारी आहेत का? पुढच्या आठवड्यात त्याच वरच्या साहेबांना सासुरवाडीला जायचं होतं. ते सहकुटुंब फलाटावर उभे असताना भोंगा बोलला, "संगमनेरची स्वारी दाखल होत आहे." साहेबांच्या बायकोनं नवऱ्याकडे असं काही कौतुकानं पाहिलं, की नंतर त्या विषयावर कोणी बोललं नाही.

डोंबिवलीच्या एका शाळेनं त्यांना स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. माझी बहीण तिथे शिकवायची, तिनंच हा घाट घातला. मुलांना वाटलं, राजा म्हणजे मुकुट घालून येणार. हे आले बुशशर्टात. एका मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही राजा आहात तर काय करता?" राजेसाहेब माइकपाशी गेले आणि म्हणाले, "बाळ, खोपटच्या डेपोतून आमच्या हुकुमाशिवाय एकही गाडी हलत नाही." हे शब्दशः खरं होतं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांच्या वाडवडिलांच्या अख्ख्या राज्यात एवढ्या लोकांनी एका वेळी टाळ्या वाजवल्या नसतील.

आता सीमोल्लंघन. आमच्या कॉलनीच्या मागे बुटकी भिंत होती आणि त्या भिंतीत माणूस जाईल एवढी फट. फटीतून एक पायवाट निघायची ती मोकळ्या प्लॉटमधून थेट बाजाराच्या रस्त्याला लागायची. आम्ही सगळे त्याच वाटेनं दळण आणायचो, मुलं शाळेत जायची, राजेसाहेब डेपोत जायचे. ती वाट नसती तर सगळ्या वस्तीला वळसा घालून जावं लागलं असतं. प्लॉट इथल्याच जुन्या आगरी घरातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा. त्यांचे लोक पूर्वी इथे भातशेती करायचे. सगळे त्यांना मावशी म्हणत. प्लॉटच्या मधोमध त्यांचं जुनं कौलारू घर आणि घरापाशी आपट्याचं झाड.

राजेसाहेबांच्या हिशेबी ती फट म्हणजे सरहद्द आणि मावशी म्हणजे शेजारच्या राज्याच्या राणीसाहेब. दसऱ्याच्या दुपारी ते फेटा बांधून, कमरेला म्यान अडकवून निघत. फटीपाशी थांबून नमस्कार करत, उजवं पाऊल पलीकडे टाकत आणि आपट्याची पानं घेऊन मावशींपुढे वाकत. मावशी म्हणायच्या, "आयलास का रं राजा? बस. चाय घेतस?" हे झालं की राजेसाहेब परत येऊन आम्हा सगळ्यांना सोनं वाटत. सुरुवातीला आम्ही गॅलरीतून बघून हसायचो. मग पोरं मागे लागली, मग पोरांच्या आया, मग एक वर्ष मीही गेले. पुढे पुढे दसऱ्याची संध्याकाळ त्याशिवाय पुरी झाल्यासारखी वाटेना. त्यांचं राज्य गेलं होतं आणि आमच्यापैकी कोणाचं कधी नव्हतंच, पण ती फट ओलांडताना छाती जरा फुगायची खरी.

आणि मग एका दसऱ्याच्या दोन दिवस आधी ती फट बंद झाली. मावशींच्या पुतण्यानं प्लॉट बिल्डरला दिला होता. सगळे कामावर गेलेले असताना माणसं आली आणि भिंतीला लागून उंच निळे पत्रे ठोकून गेली. बिल्डरचा एक मॅनेजर होता, गळ्यात जाड चेन, तोंडात कायम च्युइंगम. मी त्याला गाठलं.

"इथून वाट आहे," मी म्हटलं.

"होती, मॅडम. आता प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे. तुम्ही मेन रोडनी जा ना. वॉक होईल."

वकिलाकडे गेले, तर तो म्हणाला, केस उभी राहील. वर्षानुवर्षं ती वाट वापरणाऱ्या जुन्यातल्या जुन्या रहिवाशाला पुढे करा. जुन्यातला जुना रहिवासी कोण हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्या घरी गेले, ट्रंकेवर बसले आणि सगळं सांगितलं. राजेसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वाटेसाठी आम्ही काहीही करू. पण आम्ही रहिवासी नाही."

मी चिडले. काकू स्वयंपाकघरातून माझ्याहून जास्त चिडल्या. "अहो, बाहेर येऊन सांगू का कोण रहिवासी आहे ते? माझी मुलं याच खोलीत जन्मली!"

"आमच्या वडील सरकारांनी सांगितलं होतं, मुक्काम," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचा चेहरा पाहून मला कळलं. हा हट्ट नव्हता. रहिवासी म्हटलं की मागचं सगळं कायमचं सुटलं, एवढं त्या माणसाच्या मनात होतं. बापाला दिलेला शब्द आणि आमची वाट यांच्यामध्ये तो अडकला होता. मी चहा न घेता उठले.

दसऱ्याच्या दुपारी ते नेहमीसारखे खाली उतरले. फेटा, म्यान, सगळं. मागे काकू, मागे सगळी कॉलनी, आणि समोर निळे पत्रे. मला वाटलं, आता पत्र्याला नमस्कार करून परत फिरतील. त्यांनी मान वर करून पत्र्याची उंची पाहिली. मग वळून मला म्हणाले, "सेक्रेटरीबाई, जिन्याखाली रंगाऱ्याचा घोडा आहे ना?"

घोडा म्हणजे रंगारी वापरतात ती दोन्ही बाजूंना पाय फाकून आपली आपण उभी राहणारी शिडी. तिचा एक पाय लंगडा होता.

"राजेसाहेब, वय काय तुमचं!"

"सीमेला वय विचारत नाहीत. घोडा आणा."

घोडा आला. चौघांनी तो धरला. म्यान पायात यायला लागलं तेव्हा त्यांनी ते काढून काकूंच्या हातात दिलं, आणि चढले. एक एक पायरी, फेटा सावरत. वर पोचून पत्र्यावर पोट टेकून पलीकडे बघितलं तर खाली मावशी. दसऱ्याला राजा येतो म्हणून बाई नेहमीसारखी खुर्ची टाकून बसलेल्या. मध्ये पत्रे आले म्हणून येणारा यायचा थांबेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आयलास का रं राजा?" त्यांनी खालून विचारलं. "आज वरशी आयलास?"

"हो राणीसाहेब. आज जरा वरून."

मावशींनी बिल्डरच्या वॉचमनला हाक मारली. "तुजी ती मचान आन इकरं. न धर त्याला, परंल तो." वॉचमन बिचारा गोंधळला, पण मावशींचा आवाज असा की त्याच्या हातून मचाण आपोआप सरकलं. बिल्डरच्याच वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवून राजेसाहेब बिल्डरच्या जागेत उतरले. अलीकडे आम्ही असा जल्लोष केला की कुत्री पळाली. मग कोणीतरी मला घोड्यावर चढवलं, पैठणी खोचून. तिथून पुढचं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मॅनेजर धावत आला. त्यानं आधीच फोन केला होता, त्यामुळे थोड्याच वेळात पलीकडच्या गेटातून पोलीस आले, एक साहेब आणि एक शिपाई. त्यांच्या पाठोपाठ मावशींचा पुतण्या. मॅनेजरनं सुरुवात केली.

"साहेब, ट्रेसपासिंग आहे. हे स्वतःला राजा समजतात. वर्षातून एकदा हे नाटक. कसली वाट आणि कसलं काय! आणि साहेब, हे इथे राहतच नाहीत. अख्ख्या वर्तकनगरला विचारा. आम्ही मुक्कामाला आलोय, असं ते स्वतः सांगत फिरतात."

त्या च्युइंगमवाल्यानं आमच्या नेमक्या मर्मावर घाव घातला होता, आणि सुरी आमच्याच राजाकडून घेतली होती.

साहेब वयानं तरुण होते. त्यांनी नीट विचारलं, "काका, तुम्ही इथले रहिवासी आहात का?"

पत्र्याआडून काकूंचा आवाज आला, "काय म्हणतायत गं? बोलले का?" मी हातानंच थांबा म्हटलं.

राजेसाहेबांनी डोक्यावरचा फेटा काढला. मी त्यांना फेटा असा चारचौघांत काढताना कधी पाहिलं नव्हतं. तो त्यांनी मावशींच्या मांडीवर ठेवला, विस्कटलेले पांढरे केस हातानं सारखे केले आणि खोपटच्या भोंग्यावर बोलायचे त्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"हो. मी इथला रहिवासी. पहिला मजला, खोली नंबर सात. सबंध नोकरी मी याच वाटेनं गेलो आणि याच वाटेनं घरी आलो. माझी मुलं याच वाटेनं शाळेत गेली. ही आमची रोजची वाट आहे, साहेब."

'मी' म्हणाले. इतकी वर्षं ऐकलेलं 'आम्ही' गेलं आणि हा माणूस 'मी' म्हणाला. आणि 'घरी' म्हणाला. मला घोड्यावर रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

साहेबांनी मावशींकडे पाहिलं. मावशी मांडीवरच्या फेट्यावर हात ठेवून बसल्या होत्या. "जागा माजे नावाची हाय," त्या म्हणाल्या. "पुतन्यानं काय कागद केला तो केला, माजा अंगठा अजून बाकी हाय. ही वाट माज्या सासऱ्यानं सोरलेली. या लोकांची घरां बांदली तवाच सोरली. ती बंद करनारा ह्यो कोन?" मग पुतण्याकडे वळून, "वाट रात नसंल तर मी अंगठा देत नाय. जा, सांग तुज्या शेटला."

पुतण्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानं मॅनेजरला बाजूला घेतलं, फोनवर फोन झाले. शेवटी साहेबांनी सांगितलं, बाकीच्या जागेचं तुमचं तुम्ही बघा, वाटेवरचे पत्रे आत्ता काढा. ज्या माणसांनी ते ठोकले होते त्यांनीच ते काढले. पहिला पत्रा निघाला तशी फटीत काकू दिसल्या, हातात म्यान घेऊन उभ्या. मागून पोरांनी जो ओरडा केला तो खोपटपर्यंत गेला असेल.

राजेसाहेबांनी आपट्याची पानं तोडली. पहिलं सोनं मावशींना, दुसरं साहेबांना, आणि तिसरं त्या मॅनेजरला. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," ते त्याला म्हणाले. त्यानं च्युइंगम थुंकून ते घेतलं. मग आम्ही सगळे त्या वाटेनं गेलो आणि उगाचच परत आलो, दोनदा, तीनदा, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. नवीन इमारत पुढे उभी राहिली, पण वाट सोडून. आता तिथे फरशी आहे आणि दिवाही. मी मुलाकडे डोंबिवलीला आले तरी दसऱ्याला तिथे जाते.

त्या दसऱ्यानंतरच्या रविवारी भर दुपारी मला खालच्या मजल्यावरून फोन आला की वरती कोणीतरी ठोकाठोक करतंय, झोपेचं खोबरं झालंय. दुपारी ठोकायचं नाही हा सोसायटीचा नियम, आणि तो मीच केलेला. मी तावातावानं जिना चढले. आवाज खोली नंबर सातमधून येत होता.

दार उघडंच होतं. राजेसाहेब स्टुलावर उभे, हातात हातोडा, घामाघूम. आयुष्यात पहिल्यांदाच खिळा ठोकत असावेत, कारण जमिनीवर वाकड्या खिळ्यांचा सडा पडला होता. शेवटचा एक मात्र सरळ बसला होता आणि काकू त्यावर कॅलेंडर लावत होत्या. लावून दोन पावलं मागे आल्या, पदर तोंडाला लावला, आणि डब्यामागे न वाकता, उभ्याउभ्या मोठ्यानं वाचलं, "बाई गं, चतुर्थी परवाच आहे."

मग त्यांनी गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे ते म्यान भिंतीला टेकून उभं होतं.

"आता तिथे एक ठोका," त्या म्हणाल्या. "माझी काठी सारखी घसरते."

राजेसाहेबांनी स्टुलावरून माझ्याकडे पाहिलं. "सेक्रेटरीबाई, नियम आहे का काही?"

"आहे," मी म्हटलं, आणि स्टूल उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. संध्याकाळपर्यंत फोन वाजत होता. मी उचलला नाही.